कोठावळे रजेवर असले की

“तुमचे ते कोठावळे आज आलेत ना?” डॉ. तस्नीम मुजावर यांनी आमच्या ऑफिसच्या दारातूनच मला विचारलं.

“आलेत. चहाला गेलेत.”

“मग येऊ देत त्यांना. आणि काका, तुम्ही माझ्याकडे बघू नका. रोज बसता तसे बसा, रोजचं काम करा. मी इथं नाहीच असं समजा.”

एवढं बोलून त्या खिडकीपाशी, लोकांसाठी ठेवलेल्या बाकावर जाऊन बसल्या. आमच्या पाटबंधारे कार्यालयात कालव्याच्या पाण्यासाठी भांडायला माणसं रोज यायची. पण एका लिपिकाची कंबर बघायला डॉक्टर आल्याचं पहिल्यांदाच घडत होतं. सगळं ऑफिस माना वर करून बघायला लागलं. मी मात्र सांगितल्याप्रमाणे समोरच्या फायलीत डोकं घातलं.

गोष्ट सांगलीची आहे, आणि तिला आता वीसेक वर्षं झाली असतील. मी तेव्हा पन्नाशीला टेकलो होतो. माझी कंबर दुखायला लागून वर्ष उलटून गेलं होतं. उजव्या बाजूला, पट्ट्याच्या जरा खाली, कुणीतरी आतून अंगठा दाबून धरल्यासारखं दुखायचं. सकाळी टेबलापाशी बसलो की थोड्या वेळात सुरू व्हायचं, आणि दुपारनंतर मी खुर्चीत नुसता चुळबुळत असायचो. त्याच सुमारास आमच्याकडे संगणक आले होते, म्हणून सगळ्यांनी खापर संगणकावर फोडलं. खुर्ची बदलून झाली. पाठीमागे उशी घेऊन झाली. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, “मणका ठणठणीत आहे हो तुमचा. बसणं तेवढं कमी करा.” लिपिकानं बसणं कमी करायचं म्हणजे काय करायचं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

शेवटी विश्रामबागेत डॉ. मुजावर यांचं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक होतं, तिथं जायला लागलो. वयानं माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी व्यायाम दिले, शेक दिला. घरी गेलो की बरं वाटायचं आणि ऑफिसात बसलो की पुन्हा तेच.

खरं सांगायचं तर दुखण्याइतकंच मला त्या दुखण्याचं नवल वाटायला लागलं होतं. रविवारी ते कुठं जातं? घरी जमिनीवर मांडी घालून तासभर बसलो तरी दुखत नाही. जीपमधून आटपाडीपर्यंत खडखडत जाऊन आलो तरी नाही. मग ऑफिसातच काय होतं? आणि ऑफिसातले सगळे दिवस तरी कुठं सारखे होते! अधूनमधून एखादा दिवस अगदी सुखाचा जायचा. मी त्या सुखाच्या दिवसांचा माग काढत बसलो. आदल्या रात्रीचं जेवण, झोप, बूट की चपला, सगळं ताडून पाहिलं. कशाचा कशाला मेळ बसेना. मग कोठावळे मेहुण्याच्या लग्नासाठी बेळगावला गेले. ते रजेवर होते तेवढे दिवस कंबर एकदाही दुखली नाही. ते आले त्या दिवशी दुपारी अंगठा पुन्हा जागेवर.

डॉक्टरांना हे सांगताना मला लाज वाटली. शेजारच्या माणसामुळे कंबर दुखते म्हणणारा पेशंट त्यांनी पाहिला नसणार. पण त्या हसल्या नाहीत. “कुठं बसतात हे कोठावळे?” एवढंच त्यांनी विचारलं.

“माझ्या डावीकडे.”

“मी येते बघायला,” त्या म्हणाल्या.

भालचंद्र कोठावळे म्हणजे तोंडात सुपारी आणि त्या सुपारीच्या आडून दिवसभर हळू आवाजात बोलणं. कुठल्या साहेबांची बदली होतेय, गणपती पेठेत कुणाकडे चांगला गूळ आलाय, जावयानं कोणती गाडी घेतली. लोक त्यांना कंटाळायचे. मला ते आवडायचे. त्या दिवसांत माझ्याशी मनापासून बोलणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

कुणी म्हणजे माझी बायको, हेमलता. ती नदीपलीकडे सांगलवाडीच्या शाळेत शिक्षिका होती. आमचं गावभागातलं घर दोन खोल्यांचं, आणि घरात माझी आई. आईचा आवाज खणखणीत आणि कान त्याहून तिखट. त्यामुळे लग्न झाल्यापासून आम्हा दोघांचं जे काही खासगी बोलणं असेल ते एक तर रात्री अंथरुणावर नाही तर सकाळी स्कूटरवर. मी तिला रोज शाळेत सोडायचो. ती मागे एका बाजूला पाय सोडून बसायची आणि आयर्विन पुलावरून जाताना घरातलं सगळं बोलून घ्यायची. आईबद्दलच्या तक्रारीसुद्धा पुलावरच.

पण गेल्या दोनेक वर्षांत ती गप्प होत गेली होती. मुलगी मुग्धा शिकायला पुण्याला गेली, घर सुनं झालं, वयही झालं, अशी मी मनाची समजूत घातली होती. नवराबायको असेच हळूहळू गप्प होत असतील असं वाटायचं. मग त्या मार्चमध्ये एक दिवस आई जेवता जेवता म्हणाली, “सूनबाई चंदगडला चालली मुख्याध्यापिका होऊन. तुला ठाऊक नाही होय रे?”

मला ठाऊक नव्हतं. हेमाच्या संस्थेच्या शाळा लांब लांब पसरलेल्या होत्या. तिला बढती मिळाली होती, तिनं होकारही दिला होता, आणि जूनपासून ती तिकडे राहायला जाणार होती. चंदगड म्हणजे पार कोल्हापूर जिल्ह्याच्या टोकाला. रोज जाऊन येण्यासारखं गाव नव्हे. मी ताटावरून हेमाकडे बघितलं. ती भात वाढत होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

तिनं मला विचारलं नाही, हे मनाला फार लागलं. पण तिनं विचारलं नाही तर आपण कशाला बोला, म्हणून मीही गप्प बसलो. घरात बोलणारी आता फक्त आई होती.

तर त्या दिवशी कोठावळे चहा पिऊन आले, खुर्चीत बसले आणि सुरू झाले. डॉक्टर बाकावरून बघत होत्या. मधेच माझ्या टेबलावरचा फोन वाजला, मी बोललो, ठेवला. थोड्या वेळानं त्या उठून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“काका, फोन उचलताना पेन खाली का ठेवलंत?”

“उजव्या हातानं फोन धरायचा म्हणून.”

“फोन तर डाव्या हाताला आहे. डाव्या हातानं उचलला असता तर लिहिता आलं असतं ना?”

“सवय झाली.”

“कधीपासून?”

पूर्वी मी डाव्या खांद्यावर रिसीव्हर दाबून पानंच्या पानं उतरवून घ्यायचो, हे आठवलं. ते केव्हा बंद झालं ते आठवेना.

त्या कोठावळ्यांकडे वळल्या. “तुम्ही बोलता तेव्हा काका तुमच्याकडे बघतात का?”

कोठावळे गांगरले. सुपारी गालात सरकवून म्हणाले, “कसंय, त्यांची नजर नेहमी माझ्या मागं दारावर असते. मला वाटायचं, साहेब येतात का बघत असतील.”

“बरोबर आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “कुणी शेजारून बोलायला लागलं की आपण त्याच्याकडे तोंड करतो आणि थांबतो. काका, तुम्ही थांबत नाही. तुम्ही त्यांच्याही पलीकडे वळता. पाय टेबलाखाली, खुर्ची समोर, आणि कमरेपासून वरचे सगळे तुम्ही दाराकडे. पिळलेल्या कपड्यासारखे. दिवसभर असं केलं तर कुणाचीही कंबर दुखेल. मला प्रश्न पडलाय तो वेगळाच. तुम्ही एवढे वळता कशासाठी?”

त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं, जिथं जुने नकाशे ठेवलेले असायचे. दार लावून घेतलं. मला स्टुलावर बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. माझ्या उजव्या कानाशी बोटं चोळल्याचा बारीक आवाज आला.

“येतंय ऐकू?”

“हो, येतंय की.”

मग शांतता झाली. मी वाट बघत बसलो. पंखासुद्धा बंद होता. काही होईना तेव्हा मी म्हणालो, “करा की डॉक्टर सुरू.”

काहीच उत्तर आलं नाही म्हणून मी डोळे उघडले. त्या माझ्या डाव्या बाजूला वाकून उभ्या होत्या. बोटं माझ्या कानापाशी होती आणि अजून हलत होती.

“मी केव्हाची करतेय काका,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी कानाला यंत्र लावलं आणि तपासणी केली. डावा कान पुरता गेलेला होता. मागे कधी मोठा ताप आला होता का, असं त्यांनी विचारलं. आला होता. दोनेक वर्षांपूर्वी आठवडाभर तापानं फणफणलो होतो, आणि त्यानंतर बरेच दिवस कानात बोळा बसल्यासारखं वाटत होतं. पुढे तसं वाटेनासं झालं. मी समजलो, कान मोकळा झाला.

“मोकळा नव्हता झाला, बंद झाला होता,” डॉक्टर म्हणाले. “नस गेली की ती परत येत नाही. पण एक कान गेला तर माणसाला पटकन कळत नाही. दुसरा सांभाळून घेतो. आता कुणाचं नीट ऐकायचं असेल तर त्याला उजवीकडे बसवा, दुसरा इलाज नाही.”

परतीच्या गाडीत मला वाईट वाटायला हवं होतं. पण मी भलत्याच विचारात पडलो होतो. दोन वर्षं माझ्या डावीकडे जे जे काही बोललं गेलं असेल ते सगळं कुठं गेलं? भाजीवाल्यांच्या हाका, शेजारून जाणाऱ्यांचे रामराम, रेडिओवरचं काय काय. डावीकडे माझ्या कोण कोण असतं, याचा मी विचार करत राहिलो. ऑफिसात कोठावळे असतात. घरी आई समोरच्या खोलीतून बोलते आणि ते गल्लीभर ऐकू जातं. आणखी कोण? सांगलीचा स्टँड आला, सगळे उतरले, तरी मी बसूनच होतो. कंडक्टरनं खांद्याला हात लावला तेव्हा उठलो.

त्या संध्याकाळी घरी मी कुणालाच काही सांगितलं नाही. मला आधी खात्री करून घ्यायची होती.

सकाळी नेहमीप्रमाणे हेमा मागे बसली. पुलावर पुढं एक ट्रॅक्टर होता, त्यामुळे सगळे हळू चालले होते. मी वेग अगदी कमी केला आणि नदी बघतोय असं दाखवून मान उजवीकडे वळवली. इतकी, की उजवा कान मागे झाला.

हेमा बोलत होती.

“...पात्र किती आत गेलंय. मुग्धाला चष्मा लागलाय. मला सांगितलंन, तुम्हाला सांगू नको म्हणाली. पेरूवाली आज बसली नाही वाटतं. पावसात ही नदी भरलेली बघायला मी काही नसणार इथं...”

आवाज मोठा नव्हता. उत्तराची वाट बघावी असाही नव्हता. देवापुढे बसून माणसं पुटपुटतात तसं ती माझ्या पाठीशी बोलत होती. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. मी मान सरळ केली, आणि ती गप्प झाली. म्हणजे मला तसं वाटलं.

पूल संपल्यावर मी स्कूटर बाजूला घेतली.

“काय झालं? पेट्रोल संपलं?”

“तू आत्ता काय बोलत होतीस?”

“कुठं काय.”

“पाण्याचं बोलत होतीस. मुग्धाच्या चष्म्याचं.”

तिनं माझ्याकडे बघितलं. “आज ऐकू आलं वाटतं,” ती म्हणाली. तिनं टोमणा मारला होता.

“हो. आज ऐकू आलं,” मी म्हणालो, आणि तिथंच रस्त्याच्या कडेला उभं राहून तिला सगळं सांगितलं. कोठावळे, डॉक्टर मुजावर, मिरज, सगळं. तिला खरं वाटेना. मी थट्टा करतोय असं वाटून ती चिडली. मग एकदम माझ्या डाव्या बाजूला आली, पदर तोंडावर धरला आणि काहीतरी बोलली. पदर हलताना मला दिसला. ऐकू काही आलं नाही.

“काय म्हणालीस?”

तिचा चेहरा उतरला. “तुमच्या आईंबद्दल बोलले,” ती म्हणाली. “ऐकू आलं असतं तर असे शांत उभे राहिला नसता.”

आम्ही दोघंही हसलो. पण ती लगेच थांबली.

“म्हणजे मग ते चंदगडचं?”

“काय चंदगडचं? तू मला विचारलंसच कुठं?”

“याच पुलावर विचारलं. होळीच्या आधी. तुम्ही हूं नाही की चूं नाही. मग वाटलं, रस्त्यावर नको असेल बोलायला. म्हणून रात्री विचारलं.”

“आणि मी काय म्हणालो?”

“तुम्ही उजव्या कुशीवर होतात, माझ्याकडे पाठ करून. मी म्हणाले, तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार मी. जागे होतात. पाय हलवत होतात. तरी काही बोलला नाहीत. मला वाटलं, ह्यांना काही फरक पडत नाही. दुसऱ्या दिवशी होकार कळवून टाकला.”

कमरेची दुखरी बाजू दबली की बरं वाटायचं, म्हणून मी उजव्या कुशीवर झोपायचो. चांगला कान उशीत. त्या रात्री ती माझ्या पाठीमागे वीतभर अंतरावर बोलत होती, आणि मी अंधारात डोळे उघडे ठेवून, ही आताशा आपल्याशी बोलत का नाही असा विचार करत पडलो असणार.

मी तिचा हात धरून तिला उजव्या बाजूला आणलं. “आता विचार.”

रस्त्यावरून तिच्या शाळेच्या मुली सायकलवरून चालल्या होत्या. बाई आणि बाईंचे मिस्टर असे हात धरून रस्त्यात का उभे आहेत, म्हणून वळून वळून बघत होत्या. हेमानं विचारण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं.

“नाही विचारणार आता.”

“का?”

“तेव्हा मला जायचं नव्हतं. तुम्ही नको म्हणावं म्हणूनच विचारत होते. पण मग होकार कळवला, आणि गेल्या महिन्यात शाळेच्या कामाला कोल्हापूरला गेले होते ना, तेव्हा पुढं चंदगडला जाऊन आले. शाळा बघितली. उतारावर आहे. प्रयोगशाळा नावालाच आहे, काचेची भांडी सगळी खोक्यात तशीच पडलीत. मुली लांबून लांबून चालत येतात. एक मला म्हणाली, बाई, तुम्ही खरंच येणार ना? त्या रात्री परत येताना गाडीत मी ती भांडी कुठं लावायची तेच ठरवत होते. आता मला जायचंय. तुम्ही नको म्हणालात तरी जायचंय. ऐकू येतंय ना हे?”

“येतंय.”

“मग झालं तर.” तिनं पर्स खांद्याला लावली. “उशीर होतोय. इथून चालत जाईन मी.”

दहा पावलं गेली असेल, मागे वळली आणि मोठ्यानं म्हणाली, “आणि मुग्धाला चष्म्याचं कळलं म्हणून सांगू नका!”

ऑफिसात गेल्यावर मी कोठावळ्यांना जागा बदलायची विनंती केली. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी सुपारी चघळायची थांबवली. मग उठून सुपारी थुंकून आले. “म्हणजे उबाळे, माझं ऐकायला म्हणून तुम्ही कंबर मोडून घेतलीत?” ते म्हणाले. “माझी बायकोसुद्धा एवढं करत नाही हो.” त्यांचे डोळे भरले होते. पुढे निवृत्त होईपर्यंत त्यांनी हे ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. ते माझ्या उजवीकडे आले, फोनही उजवीकडे आला. महिन्याभरात माझी कंबर दुखायची पूर्ण थांबली.

हेमा चंदगडला गेली आणि निवृत्तीपर्यंत तिथंच राहिली. मी शनिवारी जायचो, कधी ती यायची. आई गेल्यावर मीही माझी नोकरी संपवून तिकडेच राहायला गेलो. लोक म्हणायचे, या वयात कशाला असं लांब लांब राहायचं. राहायला लागू नये असं मलाही वाटायचं. पण ती काचेची भांडी तिनं खरोखरच कपाटात लावली होती, आणि मला ती एकेक उचलून दाखवली होती.

तिला पहिल्यांदा पोचवायला गेलो तो जूनचा दिवस मात्र अजून डोळ्यासमोर आहे. सांगली स्टँडवरून गाडी निघायची होती. सामान टपावर चढवलं होतं. मी सवयीनं ड्रायव्हरच्या बाजूच्या बाकावर खिडकीशी बसणार, तेवढ्यात तिनं मला थांबवलं. ती स्वतः खिडकीशी बसली आणि मला अलीकडे बसवलं. म्हणजे ती माझ्या उजवीकडे आली.

गाडी गावाबाहेर पडली. तिनं पदर नीट केला, मांडीवर डबा घेतला आणि माझ्याकडे वळली.

“कुठपासून सांगू?”

“जिथून मला ऐकू येईनासं झालं तिथून.”

“ते मला कसं कळणार?”

ती खिडकीबाहेर बघत आठवत राहिली. मग म्हणाली, “त्या वर्षीच्या दिवाळीपासून धरू. तुम्ही तापातून उठला होतात. मी तुम्हाला विचारलं होतं, की यंदा पाहुणे नकोत, आपण तिघंच कुठंतरी जाऊ या का.”

“मग?”

“मग काय? पाहुणे आले.”

आणि ती सांगायला लागली. एवढं ती काय काय बोलली होती! कोल्हापूर मागे पडलं, गडहिंग्लज आलं, तरी ती अजून दुसऱ्या दिवाळीपर्यंतसुद्धा पोचली नव्हती. मधे केव्हातरी कंडक्टर माझ्या डाव्या बाजूला उभा राहून तिकिटं मागत होता म्हणे. दोनदा ओरडला, मग भडकला, शेजारचे लोकही वळून बघायला लागले. हे सगळं हेमानं मला नंतर सांगितलं. मला त्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं.